मदत हवी आहे: मोस्ट वाँटेड (२००५) – दादाचा २००८ चा सेव्ह नवीन लॅपटॉपवर दिसत नाहीये

नमस्कार मंडळी,

गेम म्हणजे २००५ चा नीड फॉर स्पीड मोस्ट वाँटेड, गाड्यांच्या शर्यती आणि पोलिसांना चुकवायचा, ईए ब्लॅक बॉक्स स्टुडिओवाला. २०१२ चा क्रायटेरियनवाला नाही. नाव एकच असल्यामुळे कुठेही शोधलं की अर्धी उत्तरं त्याचीच येतात म्हणून आधीच सांगतो. माझा गेम रॉकपोर्ट शहरवाला, ब्लॅकलिस्टमध्ये (एकेक करून हरवायच्या रेसरांची यादी) पंधरा जण, पंधराव्या नंबरला सनी आणि पहिल्याला रेझर.

अडचण एका ओळीत सांगायची तर जुना सेव्ह (गेम जिथवर खेळला ते साठवलेली फाइल) माझ्याकडे सीडीवर आहे, नवीन लॅपटॉपवर गेम चालू झालाय, पण गेमला तो सेव्ह दिसतच नाहीये.

आता सविस्तर. २००६ च्या उन्हाळ्यात दादाच्या डिप्लोमासाठी घरात असेंबल पीसी आला, पेंटियम ४ आणि ५१२ एमबी रॅम, आणि दादाने साठवलेल्या पैशातून घेतलेला पहिला ओरिजिनल गेम हा. मी तेव्हा सातवीत. खेळायचा तो, मी बाजूला प्लास्टिकच्या स्टुलावर बसून मॅप बघायचो. म्हणजे खरंच ते माझं काम होतं, चेस (पोलिसांचा पाठलाग) चालू असताना त्याची नजर रस्त्यावर आणि माझी खालच्या गोल मॅपवर, लाल त्रिकोण (पोलिसांवर पाडता येणाऱ्या गोष्टीची खूण) दिसला की ओरडायचं, "दादा पुढे उजवीकडे पेट्रोल पंप!" आणि तो पंप पाडून निघाला की मागच्या चार-पाच गाड्या एकदम साफ. डोनटच्या दुकानावरचा तो मोठ्ठा डोनट पहिल्यांदा पोलिसांवर पडला तेव्हा आम्ही इतके ओरडलो की आजी स्वयंपाकघरातून पळत आली.

आणि आमच्या मिरजेत तेव्हा लोडशेडिंग. ज्यांनी तो काळ बघितलाय त्यांना सांगायला नको. लाइट गेली की यूपीएस टीं टीं करायला लागायचा, हातात जेमतेम दहा मिनिटं, आणि चेस चालू असताना गेम सेव्ह होत नाही, म्हणजे त्या दहा मिनिटांत पोलिसांना चुकवायचं, कूलडाउनची (नजरेआड लपून राहायची) पट्टी भरायची, सेफहाउस (गेममधला आपला अड्डा) गाठायचं, नाहीतर त्या चेसमध्ये कमावलेली सगळी बाउंटी (पोलिसांना छळून मिळणारे गुण) गेली. अंधाऱ्या खोलीत फक्त मॉनिटरचा उजेड, आम्ही दोघं श्वास रोखून त्या निळ्या वर्तुळात लपून बसलोय आणि समोरच्या रस्त्यावरून पोलिसांची गाडी हळूहळू जातीये... नंतर किती गेम खेळलो, ग्राफिक्स दहापट चांगले असलेले, पण तसं काही परत झालं नाही.

तर असं करत करत दादाने चौदा जण हरवले. बुलसुद्धा. रेझरसाठी लागणारी बाउंटी, माइलस्टोन (ठरवून दिलेली आव्हानं) सगळं पूर्ण, फक्त रेझरच्या शर्यती आणि त्यानंतरचा शेवटचा चेस राहिला होता. आणि मार्च २००८ मध्ये एसएमपीएस (पीसीचा पॉवर सप्लाय) उडाला, जाताना मदरबोर्ड घेऊन गेला. त्याच्या आठवडाभर आधी पीसी फॉरमॅट करायचा होता म्हणून दादाने सेव्ह सीडीवर राइट करून ठेवला होता, एवढंच नशीब. जूनमध्ये तो नोकरीला मुंबईला गेला, तिथून मस्कतला. तो सेव्ह तिथेच थांबला.

गेल्या महिन्यात माळा आवरताना ती सीडी सापडली. वर मार्करने लिहिलंय "कॉलेज प्रोजेक्ट + रॉकेट". रॉकेट म्हणजे त्याचं प्रोफाइल. सीडी वाचली गेली, मी खरं सांगतो हात थरथरत होते.

दादा गणपतीला येतोय, चार वर्षांनी. मला त्याच्यासमोर तोच सेव्ह उघडून ठेवायचाय.

काय काय केलं: विंडोज ११ आहे, गेम इन्स्टॉल आहे आणि १.३ पॅच (गेममधल्या चुका सुधारणारी फाइल) टाकलाय. (त्या काळच्या डिस्कवर सेफडिस्क नावाचं कुलूप असायचं आणि त्याचा ड्रायव्हर विंडोज १० पासून येत नाही, त्यामुळे गेम सुरू करायलाच दोन रविवार गेले, पण एका मित्राने तो प्रश्न सोडवून दिला, तो वेगळा विषय.) सीडीवर रॉकेट नावाचा फोल्डर आहे आणि आत रॉकेट नावाचीच फाइल, पुढे एक्स्टेन्शन काही नाही. तो फोल्डर सी ड्राइव्हवर युजर्समध्ये माझ्या नावात डॉक्युमेंट्स, तिथे एनएफएस मोस्ट वाँटेड नावाचा फोल्डर बनवून त्यात टाकला. गेममध्ये फक्त मी बनवलेलं नवीन प्रोफाइल दिसतं. मग फोल्डरचं नाव रॉकेट२ करून बघितलं, तरी नाही. फाइलच खराब झाली असेल का, १७ वर्षं झाली सीडीला, ही भीती आहे. कोणी असं केलंय का?

प्रतिसाद
भावा एवढा त्रास कशाला घेतोस, नेटवर शंभर टक्के पूर्ण झालेले सेव्ह मिळतात, रेझरच्या आधी थांबलेले पण मिळतात. एक टाक आणि खेळ.

धागाकर्ता
धन्यवाद, ते माहीत आहे. पण तो सेव्ह दुसऱ्या कोणाचातरी असेल ना. या सेव्हच्या गॅरेजमध्ये सनीकडून जिंकलेली गोल्फ जीटीआय असायला पाहिजे. रायव्हलला हरवल्यावर बक्षिसांच्या सहा खुणांमधल्या दोन निवडायच्या असतात, त्यातली एक दादाने मला निवडायला दिली होती आणि मी बोट ठेवलं तीच गाडीची चावी निघाली. नंतर कितीही चांगल्या गाड्या आल्या तरी ती त्याने विकली नाही. मला तीच बघायचीये.

प्रतिसाद
आधी फोल्डरचं नाव परत रॉकेट कर. फोल्डर आणि आतली फाइल दोन्हींचं नाव अगदी एकच लागतं, कॅपिटल-स्मॉलसकट जसं सीडीवर आहे तसंच ठेव. रॉकेट२ केल्यावर तर दिसणारच नाही.

दुसरं, फाइलवर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये रीड-ओन्लीची टिक आहे का बघ, सीडीवरून आणलेल्या फाइलींना ती कधीकधी राहते. असेल तर काढ. नाहीतर एकवेळ सेव्ह उघडेल पण पुढचं काही त्यात लिहिलं जाणार नाही.

आणि हात लावायच्या आधी त्या सीडीची कॉपी पेनड्राइव्हवर आणि अजून एका ठिकाणी ठेव. आजच ठेव.

धागाकर्ता
कॉपी तीन ठिकाणी केली. टिक होती, काढली. नाव परत रॉकेट केलं. अजूनही दिसत नाहीये. आता मात्र फाइल गेली असंच वाटायला लागलंय.

प्रतिसाद
थांबा, एवढ्यात धीर सोडू नका. तुम्ही लिहिलंय की डॉक्युमेंट्समध्ये एनएफएस मोस्ट वाँटेडचा फोल्डर "बनवला". तो बनवायला का लागला? तुमचं नवीन प्रोफाइल गेममध्ये आहे म्हणजे गेमने तो फोल्डर कुठेतरी स्वतःच बनवलाय. तुम्ही ठेवताय एकीकडे आणि गेम बघतोय दुसरीकडे.

असं करा, गेममध्ये अजून एक प्रोफाइल बनवा, नाव काहीतरी वेगळंच द्या, वांगी वगैरे, जे लॅपटॉपवर दुसरीकडे कुठेच नसेल. सेव्ह करून बाहेर या आणि अख्ख्या सी ड्राइव्हवर ते नाव शोधा. जिथे सापडेल त्याच्या शेजारी रॉकेटचा फोल्डर ठेवा.

माझा अंदाज सांगतो. नवीन लॅपटॉपवर क्लाउड बॅकअप चालू असलं की डॉक्युमेंट्सचा फोल्डर त्या क्लाउडच्या फोल्डरच्या आत हलवलेला असतो आणि युजर्समध्ये जुन्या जागी हाताने बनवलेल्या फोल्डरकडे गेम ढुंकूनही बघत नाही.

धागाकर्ता
दिसला!!! दिसला!!!

वांगी नावाचा फोल्डर खरंच क्लाउडच्या फोल्डरमधल्या डॉक्युमेंट्समध्ये होता. शेजारी रॉकेट ठेवला, गेम चालू केला, लोड प्रोफाइलमध्ये गेलो आणि रॉकेट. सेफहाउस उघडलं. ब्लॅकलिस्टमध्ये चौदा जणांवर काट, वर एकटा रेझर. गाड्या बघत गेलो तर तिसरीच ती गोल्फ. तिचा रंग मला आठवत होता तसा लाल नाहीये, नारंगी आहे, आणि दारावर दादाने लावलेलं ते व्हायनिल (गाडीवरचं डिझाइन). किती वेळ नुसता कॅमेरा फिरवून गाडी बघत बसलो.

खूप खूप आभार, कसे मानू कळत नाहीये.

आता दोन लहान प्रश्न राहिलेत. एक, चित्र ताणल्यासारखं दिसतंय, गाड्या बुटक्या आणि रुंद. दोन, शेवटचा चेस आम्ही कधी खेळलोच नाही. दादाने पण कीबोर्ड धरून १७ वर्षं झालीत, आणि सुट्टी आठच दिवसांची. त्याला काय सांगू? शेवट काय होतो ते मात्र कृपया इथे लिहू नका, आम्ही आजपर्यंत मुद्दाम बघितलेला नाही.

प्रतिसाद
चित्राचं सोपं आहे. हा गेम ४:३ मॉनिटरच्या काळातला, रुंद स्क्रीनचे पर्याय पीसीवर नव्हतेच. थर्टीनएजी नावाच्या मॉडरने (गेममध्ये बदल करणाऱ्याने) केलेला वाइडस्क्रीन फिक्स मोफत मिळतो. झिपमधलं सगळं गेमच्या मुख्य फोल्डरमध्ये टाका, म्हणजे एक डीएलएल आणि एक स्क्रिप्ट्स नावाचा फोल्डर येईल. स्क्रिप्ट्समधली आयएनआय फाइल नोटपॅडमध्ये उघडली की रेझोल्यूशनला शून्य असेल, ते तसंच राहू द्या, स्क्रीनप्रमाणे आपोआप बसतं. गेमपॅड लावणार असाल तर त्याचीही सेटिंग त्यातच आहे.

सेव्हला याने काही होत नाही, पण कॉपी आहेतच म्हणताय तर उत्तम.

प्रतिसाद
चेसचं मी सांगतो, हा गेम मी आजही दरवर्षी एकदा पूर्ण करतो.

शेवट सांगत नाही. पण एवढं लक्षात ठेवा की त्या चेसमध्ये नेहमीसारखं लपून सुटायचा नाद करायचा नाही, फोन येईपर्यंत तग धरायचा. फोन आला की जिथे बोलावलंय तिथे जायचं. गाडी कुठली घ्यायची याचा विचार करायची गरज नाही, ते गेमच ठरवतो.

पोलिसांचा रेडिओ ऐका. लोक म्युझिक मोठं ठेवतात आणि तो बुडतो, पण या गेमचा जीव त्या रेडिओत आहे. रोडब्लॉक लावतायत, स्पाइक टाकतायत, हेलिकॉप्टर येतंय, सगळं त्यात आधी बोललं जातं. म्युझिक पार शून्य केलं तरी चालेल. रोडब्लॉक दिसला की स्पीडब्रेकर दाबा (आपल्या रस्त्यावरचा नाही, वेळ हळू करणारा) आणि आडव्या लावलेल्या गाडीच्या मागच्या भागाला धडक द्या, पुढे इंजिन असतं ती बाजू जड. मध्येच मोकळी फट दिसली तर तिथे बऱ्याचदा खिळ्यांची पट्टी असते, तिकडे जाऊ नका. समोरून येणाऱ्या जड एसयूव्हींशी टक्कर घ्यायचीच नाही, शेवटच्या क्षणी बाजूला व्हायचं.

सगळ्यात महत्त्वाचं, थांबायचं नाही. वेग कमी झाला की चारही बाजूंनी घेरतात आणि बस्टेडची (पकडले गेल्याची) पट्टी भरायला लागते. लाल त्रिकोण मात्र सगळे सुरुवातीलाच पाडून संपवू नका, एकदा पाडला की त्या चेसमध्ये परत मिळत नाही.

आणि एकदम रेझरवर जाऊ नका. त्याला आधी दोन दिवस त्या गोल्फमध्येच रोझवूड भागातल्या रस्त्यांवर नुसतं फिरू द्या. हात आपोआप आठवतो.

धागाकर्ता
फिक्स टाकला, चित्र एकदम व्यवस्थित झालं. मी स्वतः एक शर्यतसुद्धा खेळलेलो नाही, सेव्हला हात लावला नाही, लॅपटॉप टीव्हीला जोडून ठेवलाय. कीबोर्ड जुन्यासारखा उंच बटणांचा आणलाय, दादाला तोच लागायचा.

रात्री त्याला फोन केला, सीडीबद्दल काही बोललो नाही. फक्त विचारलं, रेझर आठवतो का रे. तो क्षणभर गप्प झाला आणि म्हणाला, "लाल त्रिकोण तू सांगणार असशील तर आठवतो."

स्टूल माळ्यावरून काढून धुऊन ठेवलाय.