पूर्ण वेळ तयारीला दिलाय आणि तयारीच होत नाहीये, तुमचा दिवस कसा जायचा?

अर्धवट_एसओपी
नमस्कार मंडळी. पुढच्या फॉल इनटेकला (ऑगस्ट-सप्टेंबरला सुरू होणाऱ्या बॅचला) मास्टर्ससाठी बाहेर जायचंय. डिग्री संपल्यावर नोकरी मुद्दाम घेतली नाही, म्हटलं पूर्ण वेळ तयारीला देऊ, आणि आता तो पूर्ण वेळच अंगावर येतोय. सकाळी उठलं की मेल, मग सगळ्या युनिव्हर्सिट्यांची पोर्टल्स उघडून बघायची (काही बदललेलं नसतं, माहीत असतं, तरी बघतो), मग एसओपीचा (अर्जासोबत आपण का शिकायचंय ते सांगणारा निबंध) पहिला पॅरा परत बदलायचा, तोवर जेवायची वेळ. दुपारी आयईएलटीएसचं (इंग्रजीची परीक्षा) म्हणून बसतो आणि तासाभराने कुणाच्या तरी व्हिसा इंटरव्ह्यूचा व्हिडिओ बघत असतो. मागच्या महिन्यात परीक्षा दिली, लिसनिंग ७.५, रीडिंग ७, स्पीकिंग ६.५ आणि रायटिंग ५.५. ओव्हरऑल ६.५ आलेत पण मला हव्या त्या कोर्सला प्रत्येकात किमान ६ लागतात, म्हणजे घोडं अडलंय ते रायटिंगपाशी. त्यात एका सरांनी एलओआर (शिफारसपत्र) देतो म्हटल्याला तीन आठवडे झाले, सारखं विचारायला लाज वाटते. घरचे रोज विचारतात काय झालं, आणि सांगण्यासारखं काही नसतं. टाइमटेबलचे फोटो टाकू नका प्लीज, तशी चार मीच बनवलीयत.

खोडरबर
सेम टू सेम, माझेही रायटिंगला आधी ५.५ च होते. एक विचारते, परीक्षा कॉम्प्युटरवर दिलीस का? तशी असेल तर वन स्किल रीटेक बघ, मूळ परीक्षेपासून ६० दिवसांच्या आत फक्त रायटिंग परत देता येतं, बाकीचे तीन स्कोअर तसेच राहतात. पण सगळ्या सेंटरवर नसतं आणि सगळ्या युनिव्हर्सिट्या धरत नाहीत, तेव्हा आधी अ‍ॅडमिशन ऑफिसला मेल टाक आणि लेखी उत्तर घे, कुणीतरी ग्रुपवर सांगितलं म्हणून बुक करू नकोस.

माझं कुठे चुकत होतं सांगते. ६० मिनिटांत दोन टास्क, पहिला ग्राफचं वर्णन, किमान १५० शब्द, दुसरा निबंध, २५०, आणि दुसऱ्याला मार्कांत दुप्पट वजन. मी बाई ग्राफवरच अर्धा तास घालवायचे, एकही आकडा सोडायचा नाही, प्रत्येक रेघ कुठे चढली कुठे उतरली सगळं. ग्राफमध्ये मुळात दिसतंय काय ते एका वाक्यात सांगायचंच राहून जायचं आणि निबंधाचा शेवटचा पॅरा अर्ध्यात सुटायचा. नंतर निबंध आधी लिहायला लागले, ४० मिनिटं घड्याळ लावून. आणि रोज नवा लिहायचा नाही. आज लिहिला की उद्या तोच लाल पेनाने सुधारायचा. जुने दहा निबंध समोर ठेवले तर सात ‘इन टुडेज मॉडर्न वर्ल्ड’ने सुरू होत होते, माझं मलाच हसू आलं. पाठ केलेलं वाक्य एक्झामिनरला लगेच कळतं.

लिंक_एक्सपायर
एलओआरचं मी बोलतो, त्यात माझी एक डेडलाइन गेलीय. तू पोर्टलवर सरांचा मेल आयडी भरलास की लिंक युनिव्हर्सिटीकडून थेट त्यांना जाते, तुला कॉपी येत नाही, त्यामुळे पोचली की नाही तुला कळतच नाही. निम्म्या वेळा ती स्पॅममध्ये पडलेली असते. सर देत नाहीयेत असं धरून बसू नकोस, लिंक आली का एवढंच विचार, त्यात लाजण्यासारखं काय आहे. सोबत एक पान दे, त्यांच्याकडे कुठला विषय शिकलास, कुठलं प्रोजेक्ट केलंस, शेवटची तारीख काय. सरांकडे अशी वीस पोरं असतात, त्यांना तुझं प्रोजेक्ट आठवायला तुझ्या कागदाशिवाय दुसरं काही नाही.

आणि पासपोर्टवरचं नाव नि मार्कशीटवरचं नाव अक्षर न अक्षर जुळतं का आजच बघून घे. ऑफर आल्यावर हे निघालं की खरी धावाधाव.

उशिरा_उठणारा
मला जरा वेगळं वाटतं. मी नोकरी करत तयारी केली, सकाळी दीड तास मिळायचा, त्यामुळे त्या दीड तासात पोर्टल उघडायची हिंमतच नव्हती. तू अर्धवेळ काहीतरी काम धर, शिकवणी घे, काहीही, दिवसाला कडा तरी येतील. युनिव्हर्सिटीचं ऑफिस आपल्या वेळेनुसार कधी बंद होतं ते बघ, त्यानंतर एकदाच मेल बघायचा. डेडलाइनचे रात्रीचे ११:५९ पण बहुतेक त्यांच्या घड्याळाचे असतात, ते आपल्या वेळेत करून कॅलेंडरमध्ये टाक. व्हिसाचे व्हिडिओ आत्ता कशाला, अजून ऑफर नाही हातात. आणि समजा एक इनटेक हुकलाच तर जग बुडत नाही, आयईएलटीएसचा स्कोअर साधारण दोन वर्षं चालतो, जीआरई (मास्टर्ससाठी काही ठिकाणी लागणारी प्रवेश परीक्षा) दिली असशील तर पाच वर्षं.

खोडरबर
@उशिरा_उठणारा कामाचं सगळ्यांना जमेलच असं नाही हं. मी ऑफिसातून आले की झोपायचे, शेवटी सोडली नोकरी. कागदपत्रांना मात्र आठवड्यातला एकच दिवस ठेवला होता, बाकीचे दिवस ते फोल्डर उघडायचंच नाही.

अर्धवट_एसओपी
सगळ्यांना थँक्यू. परीक्षा कॉम्प्युटरवरच होती, ६० दिवसांतले अजून २३ शिल्लक आहेत, युनिव्हर्सिटीला मेल टाकलाय. काल शेवटी सरांना फोन केला. ते म्हणाले, अरे लिंकची वाट मीच बघतोय. पोर्टल उघडून बघितलं तर त्यांच्या मेल आयडीत मी एक अक्षर जास्त टाकलंय. तीन आठवडे रोज तेच पान उघडून बघत होतो मी.