शब्दचर्चा : फॅनझीन, फॅन फिक्शन आणि 'मेरी सू'

विचारणा

१९४०च्या दशकातल्या अमेरिकन विज्ञानकथांवरचा एक लेख मराठीत आणते आहे. त्यात 'फॅन फिक्शन' हा शब्द पुन्हा पुन्हा येतो, बहुतेक वेळा नापसंतीच्या सुरात. आज आपण त्याचा अर्थ दुसऱ्याच्या पात्रांवर रचलेली चाहत्यांची कथा असा घेतो. पण तिथे कुठली मालिका नाही, उसनी पात्रंही नाहीत. मग अर्थ काय घ्यायचा? आणि 'फॅनझीन'ला 'चाहतापत्रिका' चालेल का?

उत्तर

तुमची शंका रास्त आहे. त्या काळी या शब्दाचा अर्थ वेगळा होता.

ह्यूगो गर्न्सबॅक यांच्या 'अमेझिंग स्टोरीज' या १९२६ साली निघालेल्या मासिकात वाचकांची पत्रं पत्त्यांसकट छापून येत. त्यातून वाचक एकमेकांना लिहू लागले, मंडळं झाली, आणि मंडळांनी स्वतःचे अंक काढले. मे १९३०मध्ये निघालेलं 'द कॉमेट' त्यांतलं पहिलं मानतात. या अंकांना आधी 'फॅनमॅग' म्हणत. 'फॅनझीन' हा शब्द ऑक्टोबर १९४०मध्ये रस शोव्हने यांनी आपल्या 'डीटूर्स' या अंकात पुढे आणला. मानधन देणारी बाजारातली मासिकं ती 'प्रोझीन', अशी जोडीही पडली.

तुमच्या लेखातली नापसंती या जोडीतून आलेली आहे. प्रोझीनपर्यंत न पोचलेली कथा फॅनझीनमध्ये छापली जायची, तिला 'फॅन फिक्शन' म्हणत. ग्रह, यंत्रं, माणसं सगळं लेखकाचंच, फक्त लेखक हौशी. दुसरा अर्थ होता चाहत्यांविषयीची कथा, म्हणजे ज्यात या मंडळांतलीच माणसं पात्रं म्हणून येतात. जॅक स्पीअर यांच्या १९४४च्या 'फॅन्सायक्लोपीडिया'त हा दुसरा अर्थ योग्य ठरवला आहे आणि पहिल्याला चुकीचा वापर म्हटलं आहे. अशी तक्रार करावी लागली म्हणजे लोक तो सर्रास करत असणार.

तेव्हा 'हौशी विज्ञानकथा' लिहा. हौशी रंगभूमीमुळे 'हौशी' शब्दात आपल्याकडे जिव्हाळाही आहे आणि जरासं नाक मुरडणंही. तुम्हाला दोन्ही हवं आहे.

'चाहतापत्रिका' नको. 'अनियतकालिक' हा आपल्या लघुनियतकालिकांच्या काळातला चांगला शब्द आहे, आणि सायक्लोस्टाइलवर काढलेले अंक दोन्हीकडे होते. पण आपली ती चळवळ प्रस्थापित साहित्याच्या विरोधात उभी होती. फॅनझीनवाले आपल्या आवडत्या साहित्याच्या जवळ जाऊ पाहत होते. 'फॅनझीन'च ठेवा, नपुंसकलिंगी, 'मॅगझीन'सारखं.

पुन्हा विचारणा

मग आजचा अर्थ कधी आला?

उत्तर

'स्टार ट्रेक'नंतर. अंतराळयानावरच्या माणसांची ही अमेरिकन टीव्ही मालिका सप्टेंबर १९६६मध्ये सुरू झाली आणि १९६७मध्ये न्यूयॉर्कहून 'स्पॉकानेलिया' निघालं. देव्हरा लँगसम आणि शर्ना कॉमरफर्ड या दोघी त्याच्या संपादक. फक्त या मालिकेला वाहिलेलं ते पहिलं फॅनझीन. मालिकेतल्या स्पॉक या पात्राचं काम करणाऱ्या लेनर्ड निमॉय यांचं पत्र त्यात छापलं होतं. पुढे अशा अंकांची रीघ लागली, लिहिणाऱ्या आणि काढणाऱ्या बहुतांश बायका होत्या, आणि 'फॅन फिक्शन' म्हणजे दुसऱ्याच्या पात्रांवर रचलेली कथा हा अर्थ पक्का झाला.

जुन्या विज्ञानकथा-रसिकांपैकी अनेकांना हे रुचलं नाही. टीव्ही बघून आलेली मंडळी, असा त्यांचा सूर असे. म्हणजे शब्दाचा अर्थ बदलला, पण त्याला चिकटलेली नापसंती तशीच पुढे चालू राहिली. जुना मजकूर वाचताना फसायला होतं ते यामुळेच, म्हणून आधी साल बघावं.

या कथांचा खरा न्याय मात्र अंकांच्या पानांवरच होई. वाचक संपादकाला लांबलचक अभिप्रायपत्र लिहीत, पुढच्या अंकात ते छापलं जाई, आणि अनेक संपादक त्या पत्राच्या बदल्यात अंक फुकट पाठवत. त्यामुळे टीका करणारा बाहेरचा नसायचा, तोही त्याच पानांवर लिहिणारा असायचा.

'मेरी सू' हा शब्द अशाच घरातल्या टीकेतून आला. १९७३मध्ये पॉला स्मिथ यांनी 'मेनॅजरी' या 'स्टार ट्रेक'च्या फॅनझीनच्या दुसऱ्या अंकात एक चिमुकली विडंबनकथा लिहिली. साडेपंधरा वर्षांची लेफ्टनंट मेरी सू ताफ्यातली सर्वांत लहान अधिकारी. कॅप्टन तिच्यावर भाळतो, यान ती एकटी चालवते, नोबेल शांतता पारितोषिक मिळवते आणि शेवटी सगळ्यांना रडवून मरते. त्याच साच्याच्या कथा वाचून कंटाळलेल्या एका वाचकाचं हे म्हणणं होतं, आणि ते अगदी नेमकं होतं. पुढे काय झालं ते मात्र मला मनापासून खटकतं. हा शब्द कुठल्याही कर्तबगार नायिकेवर फेकला जाऊ लागला, आणि नवं लिहू पाहणाऱ्या मुली मुख्य पात्र स्त्री ठेवायलाच कचरू लागल्या. त्याच गुणांचा पुरुष नायक असला, तर त्याला सहसा कोणी नावं ठेवत नव्हतं.

'स्लॅश'ही याच काळातला. दोन नावांमधल्या तिरक्या रेघेवरून त्या दोघांमधल्या प्रेमकथेला हे नाव पडलं. 'स्टार ट्रेक'मधला कॅप्टन किर्क आणि स्पॉक यांची अशी छापलेली पहिली कथा १९७४मध्ये 'ग्रप' या फॅनझीनच्या तिसऱ्या अंकात आली, लेखिका डायान मर्चंट. गंमत म्हणजे कथेत दोघांपैकी कोणाचंही नाव घेतलेलं नाही.

भाषांतरात 'मेरी सू' तसंच ठेवा. 'आदर्श नायिका' केलंत तर टोमणा हरवेल.

विचारणा करणारीकडून

आभारी आहे. सगळी वाक्यं पुन्हा तपासली. बहुतेक ठिकाणी 'हौशी विज्ञानकथा' चपखल बसतंय. एका जागी मात्र संमेलनाला जमलेले लोकच पात्रं आहेत, म्हणजे तुम्ही सांगितलेला दुसरा अर्थ. तिथे 'चाहत्यांविषयीची कथा' असं उलगडून लिहिते आहे.