वासरांतली लंगडी गाय?

वीस-बावीस मुलांच्या स्कॉटिश खेडेगावातील शाळेत बक्षीस मिळणे म्हणजे ‘वासरांत लंगडी गाय शहाणी’, असे मत काही जण मांडतात, ते मला अंशतः पटते. परंतु तेथील बरेच सन्मान मुलांच्या आपसातील स्पर्धेतून मिळत नाहीत, हा मुद्दा त्या मतात सुटतो. स्कॉटलंडमधील डनबार गावी 1838 साली जन्मलेल्या निसर्गसंरक्षक जॉन म्यूर यांच्या नावाचा, 1997 साली सुरू झालेला पुरस्कारच पाहा. त्यात क्रमांक नसत. एखादी रानातली जागा शोधायची, ती पायाखाली घालायची, तिच्या जतनासाठी काही काम करायचे आणि तो अनुभव इतरांना सांगायचा, एवढ्या चार अटी असत.

आमचा मुलगा अशाच एका शाळेत दोन वर्षे होता. तीन इयत्ता एकाच वर्गात बसत (तेथे अशा एकत्र वर्गात पंचवीसपेक्षा अधिक मुले घेत नाहीत), त्यामुळे स्कॉटिश कवी रॉबर्ट बर्न्स यांच्या स्मरणार्थ साजऱ्या होणाऱ्या 25 जानेवारीच्या बर्न्स दिनासाठी स्कॉट्स भाषेतील कविता पाठ करताना मोठी मुले लहानांचे उच्चार सुधारत. ‘रात्र’ या अर्थाच्या ‘निख्त’ शब्दातील घशातला ‘ख’ इंग्लंडहून आलेल्या मुलांना काही केल्या जमेना, ‘निक्त’च होई, आमच्या चिरंजीवांना मात्र तो मराठीच्या कृपेने पहिल्याच दिवशी बऱ्यापैकी जमला. प्रमाणपत्र सगळ्यांनाच मिळाले, हे प्रामाणिकपणे नमूद करतो.