ट्रान्सक्रिप्शनचं टर्मिनेशन आणि स्टॉप कोडॉन एकच का?

प्रश्न: बारावीला आहे, क्लासच्या नोट्समध्ये दोन्हीकडे टर्मिनेशन लिहिलंय आणि माझा पार गोंधळ झालाय. कोणी नीट सांगेल का?

उत्तर १: नाही, वेगवेगळं आहे. ट्रान्सक्रिप्शन म्हणजे डीएनएवरून आरएनए बनवणं, त्याच्या टर्मिनेशनला हे आरएनए बनवणं थांबतं. बॅक्टेरियात हे दोन प्रकारे होतं, एकतर आरएनए स्वतःवरच दुमडून जी आणि सी ही अक्षरं (बेस) जास्त असलेली हेअरपिन बनते, तिच्या पुढे यू या बेसची रांग असते, तिची डीएनएवरची पकड कच्ची असल्याने आरएनए सुटून येतो, नाहीतर मग ऱ्हो नावाचं प्रोटीन लागतं. स्टॉप कोडॉनचा इथे काही संबंध नाही!

उत्तर २: बरोबर. यूएए, यूएजी, यूजीए हे तीन स्टॉप कोडॉन ट्रान्सलेशनचे, म्हणजे आरएनएवरून प्रोटीन बनवण्याचे. त्यांना सहसा जुळणारा टीआरएनए (अमिनो आम्ल आणून देणारा आरएनए) नसतो, म्हणून रिलीज फॅक्टर येऊन बसतो आणि प्रोटीनची साखळी मोकळी होते. आपल्या मायटोकॉन्ड्रियात मात्र यूजीए म्हणजे ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल, हे मला फार भारी वाटतं.

उत्तर ३: मी इलेक्ट्रॉनिक्सवाला. आमच्याकडे कॅन बसच्या (गाड्यांमधली कंट्रोलर जोडणारी वायर)  दोन्ही टोकांना १२० ओहमचा रेझिस्टर लावतात त्याला टर्मिनेशन म्हणतात, तिथे काही थांबवायचं नसतं, सिग्नल टोकावरून परत उलटा येऊ नये एवढंच.

प्रश्नकर्ता: थँक्यू सगळ्यांना, हेअरपिनची आकृती आजच काढून बघते.