पद वाढलं तेव्हा काम नेमकं काय बदललं? (अनुभव धागा)

नमस्कार मंडळी,

सॉफ्टवेअरमध्ये काम करणाऱ्याला "पुढे काय?" हा प्रश्न दर अप्रेझलला पडतो. सल्ले रग्गड मिळतात: नवीन टेक्नॉलॉजी शिका, कम्युनिकेशन सुधारा वगैरे. ते इथे नकोत. एक पायरी चढलात (किंवा मुद्दाम उतरलात) तेव्हा रोजच्या कामात काय बदललं आणि कोणती गोष्ट खरंच उपयोगी पडली, तेवढं लिहा. कंपन्यांची नावं टाळा. बाकी मोकळेपणाने येऊ द्या.

कमिटकर

पहिला नंबर माझा. मी बॅकएंडवाला, म्हणजे सर्व्हरकडचा कोड लिहिणारा. टिकेट (नोंदवलेलं काम) उचल, बंद कर, पुढचं उचल, यातच सुरुवातीचा काळ गेला. फरक पडला तो प्रॉडक्शन सपोर्टला (लोक वापरत असलेली सिस्टीम सांभाळायला) टाकल्यावर. त्या ड्युटीला सगळे नाकं मुरडायचे, पण अख्खी सिस्टीम मला तिथेच कळली.

एक रिपोर्ट उघडायला मिनिटभर घ्यायचा. मोठा सर्व्हर घ्यायचं घाटत होतं. क्वेरीला एक्सप्लेन (डेटाबेस माहिती कशी शोधणार ते दाखवणारी आज्ञा) लावून पाहिलं तर पोस्टग्रेस, म्हणजे आमचा डेटाबेस, पूर्ण टेबल वाचत बसलेलं. इंडेक्स (पुस्तकामागच्या सूचीसारखी शोधयादी) होता, पण आधी ग्राहक आणि मग तारीख अशा क्रमाने, आणि क्वेरी शोधत होती फक्त तारखेवर. अशा जोड-इंडेक्सचा पहिलाच कॉलम अटीत नसेल तर तो बहुतेक वेळा नुसता शोभेला असतो. तारखेवर वेगळा इंडेक्स टाकला आणि रिपोर्ट झटक्यात उघडायला लागला. सर्व्हरचा विषय बारगळला, आणि मला डिझाइनच्या मीटिंगची बोलावणी यायला लागली. हुद्दा त्यानंतर बऱ्याच काळाने बदलला.

दुसरं हत्यार गिट बायसेक्ट, म्हणजे कोडबदलांच्या नोंदींतून (कमिट) बिघाड आणणारी नोंद शोधणारी गिटची आज्ञा. "मागच्या रिलीजला चालत होतं" असा बग आला की लोक अंदाजाने कोड उपसत बसतात. बायसेक्ट दर फेरीत उरलेले निम्मे कमिट बाद करतं, त्यामुळे १००० कमिट असले तरी साधारण १० फेऱ्यांत गुन्हेगार हाती लागतो. कमिट मात्र निदान बिल्ड होणारे (ज्यातून चालणारा प्रोग्राम तयार होतो असे) हवेत. ते एकदा टीमला पटलं, आणि मुख्य ब्रँचवर अर्धवट काम ढकलणं आपोआप थांबलं.

बगशोधिनी

मी टेस्टिंगमधून प्रोजेक्ट मॅनेजर झाले. "हिला कोडिंग येत नाही, टीम हिचं काय ऐकणार?" ही कुजबुज माझ्या कानावर आली होती. टीमने ऐकलं, कारण "हे फिसकटलं तर काय?" हे विचारायची सवय टेस्टिंगने आधीच लावली होती.

उदाहरण देते. कामाला किती दिवस लागतील, असं विचारलं की डेव्हलपर एकच आकडा सांगतो आणि तो हमखास आशावादी असतो. मी तीन आकडे मागते: सगळं सुरळीत गेलं तर, बहुधा, आणि सगळंच बिघडलं तर. समजा २, ४ आणि १२ आले. मधल्याची चौपट धरून तिन्ही मिळवायचे आणि ६ ने भागायचं, म्हणजे ५ दिवस. हे पर्टचं सूत्र, १९५८ च्या सुमारास अमेरिकन नौदलाच्या पोलारिस क्षेपणास्त्र प्रकल्पातून आलेलं. पण खरी गंमत ५ मध्ये नाही. "१२ का म्हणालास?" असं विचारलं की पोटातलं ओठावर येतं: "त्या दुसऱ्या टीमचा एपीआय (त्यांच्या प्रोग्रामशी जोडणारा दुवा) अजून तयारच नाहीये." झालं! रिस्क सापडली. ती नाव आणि तारखेसकट यादीत जाते, आणि त्या टीमला फोन डेव्हलपरने नाही, मी करायचा असतो.

उलटा_प्रवासी

मी मॅनेजर होऊन परत कोडवर आलोय, स्वखुशीने. दिवसभर मीटिंगा, वन-ऑन-वन, सुट्ट्यांची जुळवाजुळव, रेटिंगचे वाद. यात काही हलकं नाही, पण माझं मन त्यात रमेना. आमच्याकडे तांत्रिक शिडी (मॅनेजर न होता बढतीची वाट) वेगळी होती, म्हणून परतताना पगार घटला नाही. तुमच्याकडे तशी शिडी आहे का, हे मॅनेजरपद घेण्याआधीच विचारून घ्या. आणि नुसतं कागदावर आहे का तेही बघा: त्या शिडीवर वरच्या पायरीला प्रत्यक्षात कोणी बसलंय का?

धागाकर्ती

@उलटा_प्रवासी, हा प्रश्न मुलाखतीतच विचारण्यासारखा आहे. मॅनेजरपदाला बढती म्हणण्याचा हट्टच मुळात चुकीचा, असं माझं मत. ती सरळसरळ दुसरी नोकरी आहे. बरं, सर्टिफिकेटवाले कुठे गेले?

तीन_अक्षरी

हजर! पीएमपी (प्रोजेक्ट मॅनेजमेंटचं सर्टिफिकेट) केलंय. पदवीधराला ३६ महिने प्रकल्प सांभाळल्याचा अनुभव आणि ३५ तासांचं प्रशिक्षण दाखवावं लागलं. मी दिली तेव्हा परीक्षा १८० प्रश्न, २३० मिनिटं अशी होती. २०२१ च्या बदलानंतर जवळपास निम्मे प्रश्न अ‍ॅजाइल (छोट्या टप्प्यांत काम करण्याच्या) किंवा हायब्रिड (मिश्र) पद्धतीवर होते. पास झालं की संपलं असंही नाही, दर तीन वर्षांत ६० पीडीयू (पुढच्या शिक्षणाचे गुण) जमवावे लागतात.

उपयोग? बायोडेटा चाळणीतून पुढे सरकतो, हा रोकडा फायदा. वैतागलेल्या क्लायंटपुढे मात्र सर्टिफिकेट कामाचं नाही. तिथे लागते चेंज रिक्वेस्टची नोंद: कोणी मागितलं, कधी मागितलं, त्याने किती दिवस वाढले. ही शिस्त मला अभ्यासातून लागली, एवढं श्रेय देतो.

स्टँडअपग्रस्त

छोटीशी भर, रोजच्या स्टँडअपबद्दल (टीमची रोजची छोटी बैठक). "काल काय केलं, आज काय, अडचण काय" ही तीन प्रश्नांची आरती स्क्रम (छोट्या टप्प्यांत टीमने काम करायची एक पद्धत) गाइडच्या २०२० च्या आवृत्तीतून काढून टाकलीये; १५ मिनिटांची मर्यादा तेवढी कायम आहे. मी लीड झाल्यावर माणसागणिक फिरण्याऐवजी कामांचा बोर्ड उजवीकडून वाचायला लागलो, म्हणजे जे संपायला आलंय त्यावर आधी बोलायचं. "रिव्ह्यूला पडून आहे" (म्हणजे दुसऱ्याने कोड तपासायचा राहिलाय) हे वाक्य रोज सगळ्यांसमोर निघायला लागलं, आणि रिव्ह्यू व्हायला लागले.

कमिटकर

@स्टँडअपग्रस्त, हे उद्याच करून बघतो. तुम्हा मॅनेजर मंडळींना एक विचारायचंय: प्रोजेक्ट लटकला की आणखी माणसं का ओतता?

बगशोधिनी

अहो, आम्ही कुठे ओततो, वरून ओतली जातात! फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५ मध्येच लिहून ठेवलंय की उशीर झालेल्या प्रकल्पात माणसं वाढवली की उशीर आणखी वाढतो. मी वर आकडे दाखवते. ५ जणांत बोलण्याच्या जोड्या १०, तर १० जणांत ४५. शिवाय नव्यांना शिकवणार कोण? जे आधीच बुडालेत तेच. मग मी माणसांऐवजी स्कोप कमी करून मागते: "या रिलीजला यातलं काय नसलं तरी चालेल?" बैठकीत थोडा वेळ शांतता पसरते, पण यादी मिळते.

नवखा_२

सगळं वाचतोय. मी डेव्हलपर आहे आणि मला प्रोजेक्ट मॅनेजमेंटकडे वळायचंय. कोर्स आधी करू की इंटर्नल बदली मागू?

तीन_अक्षरी

दोन्ही थांबव. पुढच्या रिलीजचं समन्वयन मागून घे. मोठ्या पदाचं नाव काढू नकोस, "या वेळचा रिलीज मी बघतो" एवढंच म्हण. कोणती टिकेटं जाणार, कुणाच्या सह्या बाकी आहेत, बिघडलं तर रोलबॅक (आधीच्या आवृत्तीवर परत नेणं) कोण करणार, हे एका पानावर लिही आणि ते पान रोज संध्याकाळी सगळ्यांना पाठव. दोन-तीन रिलीज असे काढ. लोकांच्या मागे लागायचा कंटाळा आला नाही, तर कोर्सची फी भर.