गर्दीतला फोटो, आणि सुटलेला पियानो: तुमचेही अनुभव लिहा

टिळकवाडीकर: रविवारी गोकाकच्या धबधब्याला गेलतो. घटप्रभा तांबडीलाल, 170 फूट खाली कोसळत होती. फोटोसाठी कठड्याशी जागा मिळायला पाऊण तास. मिळाली तर काचेवर तुषार, आणि रुमाल काढेपर्यंत एक काकू छत्रीसकट पुढ्यात! थांबलोय, तर माझी बोटं लोखंडी पाइपावर चाललेली. एक-दोन-तीन, अंगठा खालून, मग एक ते पाच. पियानोची सी मेजर सरगम! दहावीला पियानो सुटला, त्याला बावीस वर्षं झाली. रात्री माळ्यावरचा कीबोर्ड काढला. उजवा हात जातोय, खरं डावा अगदी परका. तुमचं काय सुटलंय, काय परत धरलंय?

निपाणीकर: करदंट आणलास काय?

टिळकवाडीकर: अर्धा किलो. उरलाय कुठं!

शहापूरची सून: मी पेटीवाली. लेकाच्या कीबोर्डवर बसले की डावा हात हवेत भाता मारतो. लेक हसून लोळतोय.

खानापूर: आमच्याकडं पावसात पेटीच्या पट्ट्या फुगतात. एकादशीच्या भजनाला पंचम दाबलेलाच राहिला, शेवटपर्यंत. मी मुद्दाम धरल्यासारखं तोंड केलं. बुवा नंतर म्हणाले, आज तंबोरा छान लागलाय. त्यानंतर चार वर्षं हात लावला नव्हता, गेल्या महिन्यात काढली. झुरळं निघाली.

निपाणीकर: 😂😂

गणपत गल्ली: फोटोचं सांगते. बेळगावच्या किल्ल्यातल्या कमल बस्तीत, जैन मंदिरात जावा. छतात दगडी कमळ कोरलंय, आठशे वर्षांचं. गर्दी सगळी खाली, कमळ वर. मी सरळ उताणी पडले. एक आजोबा तांब्या घेऊन धावत आले, चक्कर आली म्हणून.

कॅमेरावेडा: फोन टेकवून न हलवता पंधरावीस फोटो काढा. घरी संगणकावर एकावर एक ठेवून मधली छटा घेतली की चालती माणसं पुसली जातात. भजी खात बसलेली मात्र राहतात.

शहापूरची सून: आईचा माझ्याकडं एकच धड फोटो आहे. सौंदत्तीच्या डोंगरावरचा, कपाळभर भंडारा. मागं तिघं अनोळखी, एकाचे डोळे मिटलेले. ते तिघं आता घरचेच वाटतात. पुसणार नाही.

टिळकवाडीकर: ताई 🙏

कॅम्पातली टीचर: बाळ, डावा हात एकटा वाजव, रोज दहा मिनिटं. मेट्रोनोम, ते ठेक्याचं टिकटिक यंत्र, मिनिटाला 60 वर, अडखळलास तर 50. बावीस वर्षांपूर्वीचा वेग आठवू नकोस. दोन्ही हात आठवडाभरानं.

टिळकवाडीकर: होय टीचर. खालचे काका विचारून गेले, रोज तेच तेच काय वाजवूलालास म्हणून.

निपाणीकर: काकांना करदंट दे.

खानापूर: त्यांना पंचम ऐकवू काय?

शहापूरची सून: नळाला पाणी आलं, भांडी भरून येते.