ब्रिटनमध्ये कायदा कोण करतं: संसद की राजा?

सह्याद्रीकर (धागाकर्ता)
‘ब्रिटनचा राजा म्हणजे शोभेची बाहुली’ हे आपण शाळेपासून ऐकतो. मला ते अजिबात पटत नाही. तिथल्या कायद्याचं सुरुवातीचं वाक्य वाचा: राजेसाहेबांनी, लॉर्ड्स आणि कॉमन्स (संसदेची दोन सभागृहं) यांच्या सल्ल्याने व संमतीने, हा कायदा केला आहे. म्हणजे सर्वोच्च सत्ता तिघांची सामायिक. सभागृहांनी संमत केलेल्या विधेयकाला राजाची अंतिम मंजुरी लागते. ती याआधी शेवटची नाकारली गेली १७०८ मध्ये, अ‍ॅन राणीने, स्कॉटलंडच्या नागरी सेनेच्या विधेयकाला. तेव्हापासून एकही नकार नाही म्हणून सगळे निर्धास्त आहेत. पण खरी मेख त्याच्या आधी आहे. राजाचे विशेषाधिकार (युद्धासारखे, राजाच्या नावाने चालणारे अधिकार) किंवा खासगी मालमत्ता यांना हात लावणारं विधेयक असेल, तर सभागृहात पुढे जाण्यासाठी राजाची आगाऊ संमती लागते. एलिझाबेथ राणीच्या काळात हजाराहून जास्त विधेयकं तिच्या किंवा तेव्हाच्या युवराज चार्ल्सच्या नजरेखालून अशी गेली, हे ‘गार्डियन’ या ब्रिटिश वृत्तपत्राने २०२१ मध्ये उघड केलं. लोकशाहीत ही पडद्याआडची भागीदारी का चालावी?

भाकरवडी
साफ असहमत. तुम्ही दिलेलंच उदाहरण घ्या. १७०८ मध्ये फ्रेंच आरमार स्कॉटलंडकडे निघाल्याची बातमी आली, तिथली सेना उलटेल अशी भीती वाटली आणि मंत्र्यांनीच राणीला नकार द्यायला सांगितलं. १९९९ मध्येही तेच. इराकवरच्या हल्ल्याला संसदेची परवानगी लागावी, असं खासगी विधेयक खासदार टॅम डॅलियल यांनी आणलं होतं. राणीची आगाऊ संमती मिळाली नाही, कारण सरकारने तसा सल्ला दिला. नाव राणीचं, निर्णय मंत्रिमंडळाचा. राजाचा हिस्सा उरलाय कुठे?

सह्याद्रीकर
@भाकरवडी, मग तर ते जास्तच वाईट! सरकारकडे बहुमत होतं ना? मग चर्चा होऊ द्यायची, मतदान घ्यायचं आणि विधेयक पाडायचं. तसं केलं असतं तर कोण कुठल्या बाजूने उभं राहिलं, हे मतदारांना कळलं असतं. इथे युद्धासारख्या विषयावर एकाही खासदाराला तोंड उघडावं लागलं नाही. बरं, आगाऊ संमती हा काही कायदा नाही, सभागृहांनी जपलेला रिवाज आहे. दोघांनी ठराव केला की संपला.

इंद्रायणी
आगाऊ संमतीबद्दल धागाकर्त्याशी सहमत, पण अंतिम मंजुरीला हात लावू नये असं माझं ठाम मत आहे. २०१९ आठवा. तेव्हाचे पंतप्रधान जॉन्सन यांच्या सल्ल्यावरून राणीने संसद पाच आठवडे स्थगित केली. त्या रात्री लॉर्ड्समध्ये लाल झगे घातलेले राजप्रतिनिधी बसले, संसद-इमारतीच्या दुरुस्तीच्या विधेयकाला मंजुरी जाहीर झाली आणि स्थगितीचा आदेश वाचला गेला. २४ सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाच्या ११ न्यायमूर्तींनी एकमताने ती स्थगितीच रद्दबातल ठरवली. ते प्रतिनिधी कोरा कागद घेऊन आल्यासारखंच होतं, असं निकालात म्हटलं. त्यामुळे त्या इमारतीच्या विधेयकाची मंजुरी ऑक्टोबरमध्ये पुन्हा जाहीर करावी लागली. राणीची संमती होती, दोन्ही सभागृहांची होती, तरी ती रीतसर जाहीर झालेली नव्हती. असे टप्पे असले की कुठे काय चुकलं, ते न्यायालयाला नेमकं दाखवता येतं.

भाकरवडी
@इंद्रायणी ताई, पण तिथे सरकारला अडवलं ते न्यायालयाने. राणीला सल्ला मानण्यावाचून पर्याय नव्हता.

तांबडा_रस्सा
आणि मानायचा नसेल तर? १९९० मध्ये बेल्जियमच्या बोदवँ राजाला गर्भपाताच्या कायद्यावर सही करायची नव्हती. मंत्रिमंडळाने त्यांना तात्पुरतं ‘राज्य करण्यास असमर्थ’ ठरवलं, स्वतः सही केली आणि दुसऱ्या दिवशी संसदेने त्यांना परत गादीवर बसवलं. लक्झेंबर्गचे तेव्हाचे ग्रँड ड्यूक (तिथला राजा) २००८ मध्ये दयामरणाच्या कायद्यावर अडून बसले, तेव्हा तिथे राज्यघटनाच बदलली. तेव्हापासून ग्रँड ड्यूक कायदा फक्त जारी करतात, मंजूर करत नाहीत. भारतातही कलम ७९ नुसार राष्ट्रपती संसदेचाच भाग आहेत, आणि राष्ट्रपती झैलसिंग यांनी १९८६ चं टपाल विधेयक निर्णय न देता ठेवून दिलं होतं. राष्ट्रपतींच्या मंजुरीबद्दलच्या कलम १११ मध्ये मुदतच नाही, म्हणून ते जमलं. ब्रिटनमध्येही मंजुरीला लेखी मुदत नाही. लक्झेंबर्गने केलं ते लंडनने शांततेच्या काळातच करून टाकावं. पेच पडल्यावर घाईत घटना बदलणं धोक्याचं.